एकाच कृष्णविवराची तीन वस्तुमानं: कोणता आकडा धरायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न असा आहे: गोव्यात साखळीजवळच्या तुमच्या हायर सेकंडरीत बारावीची मुलं कृष्णविवरांवर प्रकल्प करतायत. एका दूरच्या दीर्घिकेत कृष्णविवराने तारा फाडला, त्या एकाच घटनेवरचे तीन शोधनिबंध त्यांना मिळाले. एकात कृष्णविवराचं वस्तुमान दहा लाख सूर्यांएवढं आहे, दुसऱ्यात तीस लाख, तिसऱ्यात एक कोटीच्या वर. मुलांनी विचारलं, ‘सर, यातलं खरं कुठलं?’ तक्त्यावर काय लिहायचं हे तुम्हाला ठरवायचंय, आणि हे सगळे अंदाजपंचेच आहेत का, अशी शंकाही तुम्ही मोकळेपणाने मांडलीय.

मी अशा घटनांचे प्रकाशवक्र (तेज दिवसागणिक कसं बदललं याचे आलेख) आणि वर्णपट बरीच वर्षं हाताळतोय, त्यामुळे ही शंका मला परकी नाही. अंदाजपंचे नक्कीच नाही. पण तिन्ही निबंध काळजीपूर्वक लिहिलेले असले तरी आकडे जुळणार नाहीत, कारण तिघांनी तीन निराळ्या गोष्टी मोजल्यात. बहुधा एकाने फाटलेल्या ताऱ्याचे अवशेष परतायला किती वेळ लागला ते पाहिलं असणार, दुसऱ्याने आजूबाजूच्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग, तिसऱ्याने काही वर्षांनी मागे राहिलेल्या, कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीचा उजेड. या प्रत्येक मोजणीवरून वस्तुमानापर्यंत पोचायला मध्ये एक गृहीतक लागतं. आकड्यांतली तफावत जास्त करून तिथून येते.

थेट वजन करता आलं असतं तर प्रश्नच मिटला असता. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्य आहे हे इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण त्याच्याभोवती फिरणाऱ्या एकेका ताऱ्याची कक्षा आपण मोजली आहे. ते सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. तारा फाडल्याच्या घटना मात्र त्याच्या हजारो पटींनी दूर घडतात. २०१४ साली सापडलेली आणि या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी असलेली असॅसन-१४एलआय ही घटना त्यातल्या त्यात जवळची म्हणायची, आणि तीसुद्धा सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथला एकटा तारा वेगळा दिसत नाही, मग त्याची कक्षा कुठून मोजणार?

आता मुळातलं भौतिकशास्त्र. मुलांना हे बेतीच्या फेरी धक्क्यावर नेऊन दाखवता येईल. मांडवीचं पाणी भरती-ओहोटीत खालीवर होतं, कारण चंद्राकडच्या बाजूला चंद्राची ओढ थोडी जास्त असते आणि पलीकडच्या बाजूला थोडी कमी. तारा कृष्णविवराजवळून जाताना नेमकं हेच बल त्याच्यावर काम करतं. फरक एवढाच की तिथे ते ताऱ्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाला भारी पडतं आणि तारा ताणला जाऊन त्याचा लांबच लांब प्रवाह होतो. हे किती अंतरावर घडेल त्याचं सूत्र सोपं आहे. कृष्णविवराचं वस्तुमान ताऱ्याच्या किती पट आहे ते घ्या, त्याचं घनमूळ काढा, ताऱ्याच्या त्रिज्येने गुणा. कृष्णविवर दहा लाख सूर्यांएवढं आणि तारा सूर्यासारखा असेल तर घनमूळ १००, म्हणजे सूर्याच्या त्रिज्येच्या शंभर पट, सुमारे सात कोटी किलोमीटर. त्याच कृष्णविवराचं घटना क्षितिज, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही सुटत नाही ती सीमा, सुमारे ३० लाख किलोमीटरवर असतं. तारा बराच बाहेर फाटतो, म्हणून तर आपल्याला उजेड दिसतो.

इथेच पहिली चाळणी हाती लागते. वस्तुमान वाढलं की घटना क्षितिज त्याच प्रमाणात वाढतं, फाटण्याचं अंतर मात्र घनमुळाच्या गतीने. दहा कोटी सूर्यांच्या कृष्णविवरासाठी दोन्ही साधारण ३० कोटी किलोमीटरवर येऊन भिडतात. त्याहून जड कृष्णविवर सूर्यासारखा तारा अख्खा गिळतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. ही मर्यादा जॅक हिल्स यांच्या १९७५ मधल्या कामावरून ओळखली जाते. ती पोलादी भिंत मात्र नाही. कृष्णविवर जोरात फिरत असेल तर मर्यादा वर सरकते, तारा फुगलेला राक्षसी असेल तरीही. २०१५ मध्ये सापडलेल्या असॅसन-१५एलएच या झळाळीची दीर्घिका इतकी भरभक्कम होती की तिथलं कृष्णविवर दहा कोटींच्या वर असणार असं दिसत होतं, आणि म्हणून काहींनी ते वेगाने फिरणारं असावं असा अर्थ लावला. तुमचे तिन्ही आकडे या मर्यादेच्या आत आहेत, त्यामुळे या चाळणीत एकही अडकत नाही.

आता पहिली पद्धत, परतीच्या वेळेची. मुलांना सर्वात आधी आवडेल ती हीच, कारण तिचं गणित फळ्यावर मांडता येतं. तारा फाटतो तेव्हा त्याचं साधारण अर्धं द्रव्य कायमचं निसटतं आणि अर्धं लांबट कक्षांवरून परत येतं. सर्वात घट्ट बांधलेला भाग आधी परततो. ताऱ्याच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंमधला ऊर्जेचा फरक काढला आणि त्यावर केप्लरचा नियम लावला की उत्तर येतं: परतीचा काळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दहा लाख सूर्यांचं कृष्णविवर आणि सूर्यासारखा तारा असेल तर सुमारे ४१ दिवस. एक कोटीसाठी सुमारे १३० दिवस. पुढे द्रव्य येण्याचा वेग काळाच्या उणे पाच-तृतीयांश घाताने उतरत जातो. मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये हे चित्र मांडलं, आणि आजही प्रत्येक प्रकाशवक्राकडे आम्ही आधी त्याच नजरेने बघतो.

आता हे उलटं वापरून बघा. घड्याळावरून वस्तुमान काढायचं तर वेळेचा वर्ग घ्यावा लागतो. ४१ ऐवजी ५० दिवस धरले तर वस्तुमान लगेच दीडपट होतं. आणि नऊ दिवसांची चूक होणं अगदी सहज शक्य आहे, कारण तारा फाटला तो क्षण आपल्याला दिसतच नाही. दिसते ती पहिली झळाळी, तीही त्या रात्री आकाश मोकळं असेल तर. गोव्यात जून ते सप्टेंबर काय अवस्था असते ते तुम्ही जाणताच. पणजीच्या जुन्ता हाऊसवरच्या वेधशाळेतून आकाश बघितलेल्या कुणालाही विचारा. लडाखमधल्या हानलेला पावसाचा मार कमी आहे, पण ढग आणि चांदणं तिथेही येतंच, आणि शिवाय आकाशातला बराचसा भाग वर्षातले काही महिने सूर्याच्या दिशेला असतो तेव्हा तो कुठल्याच जमिनीवरच्या दुर्बिणीला सापडत नाही. चढण नेमकी अशा खिंडारात पडली तर सुरुवातीची तारीख निव्वळ वक्र मागे ओढून काढावी लागते.

दिवस अचूक मिळाले असं समजू. तरी तारा कोणता होता? या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि माझ्या मते या पद्धतीचं खरं दुखणं तेच आहे. दीर्घिकेत सूर्यापेक्षा लहान तारेच जास्त असतात. समजा फाटलेला तारा सूर्याच्या तीन-दशांश वस्तुमानाचा आणि तितक्याच त्रिज्येचा होता. मग तेच ४१ दिवस दहा लाखांऐवजी सुमारे ३३ लाख सूर्यांचं कृष्णविवर दाखवतात. एकही नवं निरीक्षण न घेता उत्तर तिपटीहून वर गेलं! तुमच्या पहिल्या दोन निबंधांतला फरक नुसत्या एवढ्यावरूनही आलेला असू शकतो. त्यात तारा पूर्ण न फाटता केवळ त्याचं बाहेरचं आवरण सोललं गेलं असेल, तर उतरण पाच-तृतीयांशाऐवजी नऊ-चतुर्थांश घाताच्या जवळ जाते आणि हिशेब पुन्हा बदलतो.

याहून खोल मतभेद उजेड नेमका कुठून येतो यावर आहे. शिखराच्या वेळी दृश्य आणि अतिनील प्रकाशावरून त्या पृष्ठभागाचं तापमान दहा हजार ते तीस-चाळीस हजार अंश निघतं, आणि आकार निघतो शंभर कोटी किलोमीटर किंवा त्याहून मोठा. आपण तर म्हणालो होतो की तारा सात कोटी किलोमीटरवर फाटतो. मग इतक्या बाहेर काय चमकतंय? एक गट म्हणतो, आतल्या तबकडीचा तीव्र प्रकाश बाहेरच्या द्रव्याच्या पडद्यातून गाळून येतो. दुसरा म्हणतो, परतणारे प्रवाह लांब कक्षांच्या टोकाशी एकमेकांवर आदळतात, हा त्या टकरीचा उजेड. यातूनच वक्रावरून वस्तुमान काढणारी दोन प्रसिद्ध साधनं आली: मॉसफिट हे द्रव्य परत येण्याच्या वेगावर बसवलेलं, आणि टीडीईमास हे टकरींवर. एकाच घटनेचा तोच डेटा दोघांना दिला तर उत्तरं वेगळी येऊ शकतात. म्हणून निबंध हातात आला की मी आधी साधन कोणतं वापरलंय ते शोधतो. आणि निबंधात आकड्यापुढे छापलेली त्रुटी (अधिक-उणे किती) अनेकदा त्या साधनाच्या पोटातली असते, साधनच चुकीच्या चित्रावर उभं असण्याची शक्यता तिच्यात धरलेली नसते, हे मुलांना आवर्जून सांगा.

दुसरी पद्धत दीर्घिकेची. २००० साली दोन गटांनी दाखवलं की दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग जितके पसरलेले, तितकं मध्यावरचं कृष्णविवर जड. वेगांच्या या पसाऱ्याला सिग्मा म्हणतात. हे नातं फार चढं आहे, वस्तुमान सिग्माच्या सुमारे चार ते पाच घाताने वाढतं. प्रचलित सूत्रांपैकी एक घेऊन मी सेकंदाला ७० किलोमीटर सिग्मासाठी हिशेब केला तर ३१ लाख सूर्य येतात. सिग्मा ६० असेल तर १६ लाख, ८० असेल तर ५६ लाख. म्हणजे इकडे तिकडे दहा किलोमीटरची चूक झाली तर उत्तर जवळजवळ निम्मं किंवा दुप्पट.

ही चूक टाळणं वाटतं तितकं सोपं नाही. वर्णपटमापकाची विभेदनक्षमता (जवळजवळचे रंग वेगळे दाखवण्याची ताकद) २००० असेल तर त्या यंत्राचाच पसारा सेकंदाला सुमारे ६४ किलोमीटर असतो. ७० मोजायचे आणि यंत्र ६४ चा धूसरपणा घालणार, मग जे हाती येतं त्यावर किती विसंबणार? अशा कामाला जास्त विभेदनक्षमतेचं यंत्र लागतं, आणि झळाळी पुरती विझेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर तिच्या निळ्या उजेडात दीर्घिकेच्या शोषणरेषा, म्हणजे वर्णपटातल्या ज्या काळ्या रेषांच्या रुंदीवरून सिग्मा काढतात त्या, फिक्या पडतात. २०१७ मध्ये टॉमस वेव्हर्स आणि सहकाऱ्यांनी असं धीराने मोजमाप करून बारा घटनांच्या दीर्घिकांचा सिग्मा काढला. वस्तुमानं तीन लाख ते दोन कोटी सूर्यांच्या दरम्यान आली. हिल्स यांच्या मर्यादेच्या आत, जिथे ती असायला हवीत तिथेच. मला या पद्धतीबद्दल विश्वास वाटतो तो यासाठी.

तरीही मर्यादा सांगायला हवी. घर किती मोठं आहे यावरून घरमालकाची मिळकत ताडावी तसं हे आहे. शंभर घरं घेतली तर अंदाज बरोबर ठरेल, एकट्या घराच्या बाबतीत फसू शकतो. सिग्मा अचूक असला तरी एका दीर्घिकेसाठी दुपटीचा फरक निसर्गातच असतो. शिवाय हे नातं मुख्यतः एक कोटीहून जड कृष्णविवरांवर तपासलेलं आहे. दहा लाखांच्या आसपास आणि खाली आपण ती रेघ पुढे वाढवून वाचतो, आणि तारे फाडणारी कृष्णविवरं बरीचशी तिथेच असतात. सिग्मा नसेल तर काही जण दीर्घिकेच्या एकूण तारकीय वस्तुमानावरून आकडा काढतात. तेव्हा विखुरणं आणखी वाढतं, तिपटीच्या आसपास धरा. तुमचा एक कोटीवाला निबंध एकूण वस्तुमानावर बेतलेला असेल, तर मी त्याला तिघांत सर्वात कमी वजन देईन.

तिसरी पद्धत अलीकडची आणि मला मनापासून आवडणारी. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीने काही जुन्या घटना पाच ते दहा वर्षांनी पुन्हा पाहिल्या. पाच-तृतीयांशाच्या हिशेबाने तिथे जवळपास अंधार हवा होता, पण अतिनील प्रकाश टिकून होता. गोंधळाचा पडदा विरल्यावर उरलेली तबकडी संथपणे चमकत होती. पुढे २०२४ मध्ये अँड्र्यू ममरी आणि सहकाऱ्यांनी ६३ घटना तपासल्या, त्यांतल्या किमान दोन-तृतीयांश घटनांत प्रकाशवक्र शेवटी असा सपाट होतो हे दाखवलं, आणि या पठाराची तेजस्विता वस्तुमानाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते असं मांडलं. शिखराची तेजस्विता किंवा उतरणीचा वेग यांपेक्षा पठाराचा दीर्घिकेच्या वस्तुमानाशी मेळ जास्त घट्ट बसला. कारण समजण्यासारखं आहे. शिखराच्या वेळी टकरी, पडदे, वारे असं सगळं मिसळलेलं असतं, पठाराच्या वेळी एकटी तबकडी असते आणि तिचं भौतिकशास्त्र आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. अडचण एकच, वाट बघावी लागते. वर्षभर तरी, बऱ्याचदा जास्त. आणि अतिनील प्रकाश धुळीने फार खाल्ला जातो, तेव्हा धुळीची दुरुस्ती चुकली की वस्तुमानही चुकतं.

क्ष-किरणांबद्दल थोडकं. असॅसन-१४एलआय मध्ये दर १३१ सेकंदांनी होणारी लय सापडली, आणि तिच्यावरून वस्तुमान काढायचा मोह होतो. पण न फिरणाऱ्या दहा लाख सूर्यांच्या कृष्णविवराभोवती सर्वात आतल्या स्थिर कक्षेला सुमारे ४५५ सेकंद लागतात. ही लय कक्षेचीच असेल तर कृष्णविवर एक तर बरंच हलकं किंवा वेगाने फिरणारं. वस्तुमान ठरवायला फिरकी हवी, फिरकी ठरवायला वस्तुमान हवं. म्हणून ही लय मी फिरकीसाठी वापरतो, वस्तुमान दुसरीकडून घेऊन. एडिंग्टन मर्यादेवरूनही (याहून जास्त तेज झालं तर प्रकाशाचा दाबच द्रव्याला बाहेर ढकलतो) कुणी आकडा देतं, की तेजस्विता अमुक म्हणजे वस्तुमान किमान तमुक. दहा लाखांसाठी ती मर्यादा साधारण ३,३०० कोटी सूर्यांच्या तेजाएवढी. पण हलक्या कृष्णविवरात द्रव्य त्या मर्यादेच्या कित्येक पटींनी परतत असतं, तेव्हा तो ‘किमान’सुद्धा पक्का राहत नाही.

मग माझा क्रम काय? चांगल्या यंत्राने मोजलेला सिग्मा असेल तर तो पाया, कारण तो झळाळीच्या भानगडीपासून पूर्ण अलग आहे. पठार दिसलं असेल तर त्याच्याशी पडताळा. हे दोन्ही दुप्पट-तिपटीच्या आत जुळले तर मी समाधानी असतो. वक्राच्या चढ-उतारावरचा आकडा तिसरा, आणि तो मी उलट्या दिशेने वापरतो: वस्तुमान इतरत्रून ठरलं असेल तर तारा केवढा होता हे तो सांगू शकतो. घटना ताजी असेल, सिग्मा नसेल, पठार आलेलं नसेल, तर वक्रावरच भागवावं लागतं. तेव्हा मी तिपटीची त्रुटी लावल्याशिवाय आकडा कुणाला देत नाही.

तिन्ही आकड्यांची साधी सरासरी मात्र काढू देऊ नका. एक कोटीपुढे दहा लाख नगण्य होतात आणि उत्तर सर्वात मोठ्या आकड्याच्या बाजूला झुकतं. सरासरी काढायचीच तर लॉगॅरिदममध्ये काढा, तीही आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. पुष्कळ निबंधांत वक्र बसवताना दीर्घिकेवरचा आकडा आधीच आत घातलेला असतो. मग दोन्ही जुळले यात नवल नाही, आणि त्यांना दोन साक्षीदार समजणं चूक आहे. निबंधाच्या पद्धतीच्या विभागात ‘प्रायर’ (मोजणीआधीच धरलेला अंदाज) कोणता घेतला ते मुलांना शोधायला लावा. बारावीच्या मुलांना ते जमतं.

तक्त्यावर मी एकच आकडा लिहिणार नाही. तीन ओळी लिहा: कशावरून मोजलं, काय गृहीत धरलं, उत्तर कुठून कुठपर्यंत. तुमच्या घटनेसाठी, तीस लाखवाला निबंध सिग्मावरचा असेल तर, ठळक अक्षरात ‘सुमारे तीस लाख सूर्य, दहा लाख ते एक कोटीच्या दरम्यान’ असं लिहायला मला काही हरकत वाटत नाही. असं लिहिलं तर तिन्ही निबंध या पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर बसतात.

आणि वेळ असेल तर मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ सर्वेक्षणाचे प्रकाशवक्र कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. एक ठळक घटना निवडा, मॅग्निट्यूडचं तेजात रूपांतर करा, स्प्रेडशीटमध्ये उणे पाच-तृतीयांशाची रेघ बसवा. मग तारा फाटल्याची तारीख दहा दिवस मागे-पुढे करून पुन्हा बसवायला सांगा, आणि प्रत्येक वेळी ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या १ आणि ०.३ पट धरून कृष्णविवराचं वस्तुमान काढा. चार उत्तरं येतील. अडलं तर मुलांनी काढलेला तक्ता इथेच टाका, मी बघून सांगेन.